मागाच्या घरातली हाक

सक्करदरा, नागपूर
१२ जुलै १९८१

चि. शामला हिस चंपतरावाचे अनेक आशीर्वाद.

काम असल्याशिवाय मी कुणाला पत्र लिहीत नाही हे तुला ठाऊक आहे, म्हणून ख्यालीखुशाली न विचारता कामावर येतो. तुझ्या बापानं लिहिलं होतं की तू पुण्याला कुठल्याशा संस्थेत आहेस आणि लहान पोरांना घरच्या घरी अक्षरं शिकता यावीत म्हणून कॅसेटी तयार करतेस. माझा धाकटा भाऊ माग सोडून पुण्याच्या कारखान्यात गेला तेव्हा मला राग आला होता. आता त्याची मुलगी कामाला येते आहे, तेव्हा राग थोडा कमी करतो.

आपल्या बळीरामाची पोरगी मनकर्णा, तिला आम्ही मनी म्हणतो, यंदा दुसऱ्यांदा पहिलीत बसली आहे. वर्षभर शाळेत जाऊन तिला एक अक्षर येत नाही. शाळेतल्या बाईंनी मला बोलावून सांगितलं की दिवाळीच्या सहामाहीपर्यंत अक्षरओळख झाली नाही तर पोरीचं नाव काढून घ्या, उगाच जागा अडवू नका. बळीरामाला त्याचं वाईट वाटलेलं नाही. तो म्हणाला, "बरं झालं. कांड्या भराले घरात एक माणूस कमीच हाय. सूत गुंडाळाले वाचता यावं लागत नाही." आणि एकदा पोरगी कांड्यांच्या चरख्यावर बसली की तिथून उठत नाही. तुझ्या मोठ्याईला त्या चरख्यावरून अजून कुणी उठवलेलं नाही.

मी सातवी पास आहे, विणकर सोसायटीचं दप्तर लिहिलेलं आहे. मीच पाटी घेऊन बसलो. मी "क कमळाचा" म्हटलं की पोरगी माझ्या तोंडाकडे टक लावून बघते आणि भलतंच काहीतरी पुटपुटते. तुझी मोठीआई म्हणते, ती तुमच्या मिशा मोजून राहिली. बोलणं कमी आहे आणि बोबडं आहे, पण त्याचं मला काही वाटत नाही. मागाच्या घरातली पोरं उशिराच बोलतात. बळीराम पाच वर्षांचा होईपर्यंत मुका बसला होता, आणि आता गप्प बसवत नाही.

तर एखादी कॅसेट पाठवून दे.

तुझे मोठेबाबा,
चंपतराव


पुणे
२५ जुलै १९८१

ती. मोठेबाबांना शामलाचा साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र आल्यावर बाबा दोन दिवस खुशीत होते. राग कमी झाल्याचा भाग त्यांनी आईला वाचून दाखवला, आणि मग मलाही.

वेगळ्या पार्सलनं कॅसेट पाठवते आहे. सोबत पुठ्ठ्याची अक्षरं आहेत. आधी एक विनंती, तुम्ही पाटी बाजूला ठेवा. "क कमळाचा" हे आपण पाठ करतो, पण त्यात मुलाला कमळ आठवतं आणि क राहून जातो. आमच्या पद्धतीत आधी नुसता आवाज असतो. कॅसेटमध्ये मी एक आवाज काढते, मुलानं तो ऐकायचा, आपण काढायचा, आणि मग त्या आवाजाचं अक्षर हातात घ्यायचं. म्म्म असा आवाज आला की म उचलायचा. मग दोन आवाज जोडायचे. रोज थोडा वेळ पुरे. मुलाला रागावायचं नाही आणि चूक झाली तर हसायचं नाही. दुसरी अट तुम्हाला जड जाईल.

मनी हुशार आहे की नाही याची चिंता करू नका. अशी बरीच मुलं मी पाहिली आहेत. आवाज आणि अक्षर यांची गाठ एकदा पडली की ती भराभर पुढे जातात.

मोठ्याईला नमस्कार. मनीच्या आईला, गोपिकावहिनीला सांगा, मी लवकरच तिला वेगळं लिहीन.

तुमची,
शामला


सक्करदरा, नागपूर
१४ ऑगस्ट १९८१

चि. शामला हिस आशीर्वाद.

कॅसेट पोचली. ती वाजवायचं यंत्र आमच्याकडे कुठून असणार? गल्लीच्या तोंडाशी लहानूचं मंडप आणि लाउडस्पीकरचं दुकान आहे, त्यानं टेपरेकॉर्डर दिला. आमच्या घरात पाच माग चालतात, त्यात तुझा आवाज कुणाला येणार, म्हणून त्यानं एक भोंगाही जोडला. मी नको म्हटलं. लग्नाच्या भोंग्यातून म्म्म असा आवाज निघाला तेव्हा समोरचा धोंडबा विचारायला आला की तुमच्या घरी म्हैस कधी घेतली.

आता निकाल सांगतो. गल्लीतली सगळी पोरं आमच्या ओट्यावर बसून शिकली. मागावर कामाला येणाऱ्या पोरांना म, ब, प, त येऊ लागले. तुझी मोठीआई, जिनं जन्मात पाटीला हात लावला नाही, तिनं परवा मसाल्याच्या पुड्यावर बोट ठेवून मला सांगितलं की हा तुमच्या शामलाचा म्म्म. पुढचं अक्षर विचारलं तर म्हणाली, ते अजून भोंग्यात आलं नाही.

फक्त मनी शिकली नाही. ती भोंग्याला तळहात लावून बसते आणि हसते. अक्षर उचल म्हटलं की दुसरी पोरं काय उचलतात ते बघते आणि तेच उचलते. एकटी बसवली तर हाताला येईल ते पुढे करते.

आणि हीच पोरगी मागाच्या खोलीत सगळ्यांत चलाख आहे, हे मला समजत नाही. पाचही माग धडधडत असतात, आणि मी दोन बोटं चोळली की ती चुन्याची डबी घेऊन हजर. कुणाचा धागा तुटला तर तो मान वर करायच्या आत हिच्या हातात सूत. मोठी माणसं चुकतात, ती चुकत नाही. बळीराम म्हणतो, बघा, हिचं डोकं कशात चालते ते देवानंच ठरवलं हाय. मला त्याचं म्हणणं पटत नाही, पण खोडताही येत नाही.

चंपतराव


पुणे
२१ ऑगस्ट १९८१

ती. मोठेबाबांना सा. न.

म्हशीचं वाचून संस्थेत सगळे हसले. मीही हसले, पण नंतर.

गफलत कुठे झाली ते माझ्या लक्षात आलं आहे. कारण गोंगाट. सुरुवातीला मुलाला बारीक आवाज शांततेत ऐकावा लागतो. बाकीची पोरं ओट्यावर बसतात, मनी मात्र शाळेतून आली की मागांच्या खोलीतच असते. तिच्या कानांवर खटखटाशिवाय दुसरं काही पडतच नाही. भोंगा काढून टाका. येत्या पोळ्याला अमावास्या आहे. आपल्या घरी अमावास्येला माग बंद असतात हे मला पक्कं आठवतं, त्या दिवशीची शांतता मला लहानपणी भीतिदायक वाटायची. त्या दिवशी तिला एकटीला घेऊन बसा आणि कॅसेट हळू आवाजात लावा. फरक दिसेल, याची मला खात्री आहे.

बळीदादाला म्हणावं, देवानं काय ठरवलं ते सहामाहीनंतर विचारू.

शामला


सक्करदरा, नागपूर
३१ ऑगस्ट १९८१

चि. शामला हिस आशीर्वाद.

तू सांगितल्याप्रमाणे पोळ्याच्या दिवशी केलं. माग बंद, भोंगा नाही, बाकीची पोरं बैल बघायला गेलेली. घरात इतकं शांत होतं की तुझ्या कॅसेटीत मागे कुणीतरी खोकलेलं मला ऐकू आलं. मनी टेपरेकॉर्डरसमोर बसली, आतली चाकं फिरताना बघत राहिली, आणि झोपी गेली.

तुझा दोष नाही. दिवसच वाईट निवडला. अमावास्या आमच्या मनीला मानवत नाही. हे मी तुला आधी लिहायला हवं होतं, पण पुण्याच्या माणसाला असलं काय लिहायचं. इतर दिवशी ती जितकी चलाख, तितकीच अमावास्येला जड होते. आजी स्वयंपाकघरातून बोलावते, ही जागची हलत नाही. बाप ओसरीवरून पाणी मागतो, ही पाठ करून बसलेली. कुणी रागावून समोर येऊन उभं राहिलं की दचकते. तुझी मोठीआई दर अमावास्येला तिच्यावरून मीठमिरच्या उतरून टाकते. दुसऱ्या दिवशी माग सुरू झाले की पोरगी पुन्हा ताळ्यावर येते, त्यामुळे मिरच्यांवरचा तिचा विश्वास वाढतच चालला आहे.

बळीरामानं काल सांगितलं की दसऱ्याला मागाची पूजा झाली की मनीला चरख्यावर बसवणार. गोपिकेनं काल दुपारपासून पाण्याचा घोटही घेतला नाही. मीच म्हटलं होतं की पोरगी शिकेल, त्यामुळे आता ती माझ्याकडे बघते.

तू अशी पुष्कळ मुलं पाहिली आहेस. आडपडदा न ठेवता सांग, आमची मनी मंद आहे का? असेल तर मी ते ऐकून घेईन, आणि हा खटाटोप थांबवीन.

चंपतराव


पुणे
५ सप्टेंबर १९८१

ती. मोठेबाबांना सा. न.

मनी मंद नाही. मला वाटतं तिला ऐकू येत नाही.

तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. मागाच्या खोलीत कुणीच कुणाला हाक मारत नाही. हाक मारून उपयोग नसतो. आपण खांद्याला हात लावतो, बोट दाखवतो, मान हलवतो, समोर येऊन ओठ हलवतो. तिथे सगळेच बहिरे असतात, म्हणून तिथे ती सगळ्यांत पुढे आहे. अमावास्येला माग थांबतात, आणि त्या दिवशी तुम्ही सगळे दुसऱ्या घरांसारखे होता. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत बोलता, पाठीमागून बोलता. त्या दिवशी एकटी तीच मागे राहते. तिच्यात अमावास्येला काही बदलत नाही, मोठेबाबा. बदल तुमच्यात होतो.

ती तुमच्या मिशा मोजत नव्हती, ओठ वाचत होती. भोंग्याला हात लावून बसत होती, कारण तिला आवाज हातानं कळत होता. हे सगळं तुम्ही मला लिहिलं होतं आणि मी गोंगाटाचं कारण काढून मोकळी झाले. जिला ऐकू येत नाही तिला मी पुण्याहून आवाज पाठवत होते. मला स्वतःचा फार राग आला आहे.

पण माझी चूकही होऊ शकते, म्हणून आधी पारखून बघा. घराबाहेर कुठेतरी मोकळ्या जागी न्या. तिच्या मागे उभे राहा. सावली पुढे पडू देऊ नका, पाय आपटू नका. आणि हाक मारा.

शामला


सक्करदरा, नागपूर
१३ सप्टेंबर १९८१

चि. शामला हिस आशीर्वाद.

तिला तलावावर नेलं. ती काठावर बसून पाण्यात खडे टाकत होती. मी मागे उभा राहिलो आणि हाक मारली. मग जरा मोठ्यानं मारली. मग मंडईत मारतात तशी मारली. धुणं धूत असलेल्या बाया वळून बघू लागल्या. एक कुत्रं उठून बसलं. मनी खडे टाकत राहिली.

मी तिथंच खाली बसलो. मला फार वाईट वाटलं. एवढ्या वर्षांत मी तिला मागून एक हाकही मारली नव्हती आणि मला त्याची जाणीवही नव्हती. मग पुढे जाऊन तिच्या शेजारी बसलो, तिनं माझ्याकडे बघितलं आणि माझ्याही हातात एक खडा दिला.

गोपिका ऐकून रडली, पण नंतर जेवली. तुझ्या मोठ्याईला वाटतं की मिरच्या कमी पडल्या. बळीरामाशी जे बोलणं झालं ते तसंच लिहितो, म्हणजे तुला त्याची बाजू कळेल.

तो म्हणाला, "बाबा, मंग त चिंताच मिटली. मागावर कानाचं काय काम हाय? आमचे बी कान अर्धे गेलेच. शाळेत तिले कोणी समजून घेत नाही, इथं सगळे समजून घेतात. तिले तिथं कायले पाठवता हाल कराले?"

मी म्हटलं, "तिले वाचता नको याले?"

"वाचून कोणाशी बोलन ते?"

तो पोरीच्या वाईटावर नाही. तिला जिथं त्रास होत नाही तिथं ठेवू म्हणतो. त्याला देण्यासारखं उत्तर तुला सुचलं तर लिही. दसरा जवळ आला आहे.

चंपतराव


पुणे
१८ सप्टेंबर १९८१

ती. मोठेबाबांना सा. न.

उत्तर शोधायला मी वेगळंच केलं. मागाच्या सगळ्या खुणा आठवून पाहिल्या, अजून येतात मला. धागा तुटला. कांडी आण. पाणी दे. जेवायला चल. थांब. इकडे ये. तंबाखू. त्यात 'काल' नाही, 'उद्या' नाही, आणि 'का' नाही. आजी माझ्यावरून मिरच्या का उतरते, हे मनीला विचारायचं असेल तर ती कुठल्या बोटानं विचारणार? बळीदादाला एवढंच सांगा. तिला त्रास होत नाही असं त्याला वाटतं, कारण त्रास होतो हे सांगायची खूण आपल्याकडे नाही.

आता दोन गोष्टी करा. पहिली, तिला मोठ्या दवाखान्यात कानाच्या डॉक्टरांना दाखवा. थोडं जरी ऐकू येत असेल तर यंत्राचा उपयोग होतो.

दुसरी, शिकवणं थांबवू नका. आवाज कानानंच कळतो असं नाही. कॅसेट लहानूला देऊन टाका आणि एक आरसा घ्या. गोपिकावहिनी आणि मनी दोघी आरशासमोर बसतील. म म्हणताना ओठ मिटतात आणि नाकाच्या हाडाला थरथर लागते, तिचं बोट तिथं ठेवा. प म्हणताना तळहातावर फुंकर बसते. ब म्हणताना ओठ तसेच मिटतात, पण घशावर हात ठेवला तर तिथं थरथर होते. एका आवाजाला एक जागा, आणि मग त्याचं अक्षर. आमच्या संस्थेत हे कुणी केलेलं नाही. मी एका बहिऱ्या मुलांच्या शाळेत जाऊन विचारून आले आहे. पुढचं दर आठवड्याला लिहून कळवीन.

दसऱ्याला चरख्याची पूजा करा, पण तिला बसवू नका. निदान सहामाहीपर्यंत.

शामला


सक्करदरा, नागपूर
२२ नोव्हेंबर १९८१

चि. शामला हिस आशीर्वाद.

तुझी आठवड्याची पत्रं गोपिका तांदळाच्या डब्यामागे ठेवते आणि माझ्याकडून वाचून घेते. दसऱ्याला चरख्यावर कुणी बसलं नाही. खुणांचं तुझं म्हणणं मी बळीरामाला सांगितलं. तो म्हणाला, बरं, दिवाळीवरी पाहू.

दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, दोन वर्षांची असताना गोवर आला होता त्यात कान गेले, पण पार गेलेले नाहीत, जवळून बोललेलं पुसटसं येतं. यंत्र मिळालं. गळ्यात अडकवायची पेटी आणि कानात वायर.

गोपिकेनं कमाल केली. आरसा तर लावलाच, पण ती भाकरी थापत असली तरी मनी शेजारी बसून तिच्या घशावर हात ठेवते आणि ती ब, ग, द म्हणत राहते. घशाला पीठ लागतं. अक्षरं आली, शामला. सहामाहीला सगळी ओळखली. बाई फळ्याकडे तोंड करून बोलत, मी विनंती केली की पोरीकडे तोंड करून बोला. त्या म्हणाल्या, हे आधीच सांगायचं होतं. मी काय सांगणार होतो? नाव राहिलं आहे, पण वार्षिक परीक्षेपर्यंतच. तेव्हा धडा वाचून त्याचा अर्थ सांगावा लागेल.

आणि अडलं आहे तिथंच. परवा तिनं विहीर हा शब्द तीन आवाज जोडून बरोबर वाचला. मी विचारलं, विहीर कुठं आहे? तिला कळेना. दाराशी विहीर आहे, रोज तिच्यावर जाते, पण त्या वस्तूला काही नाव असतं हेच तिला माहीत नाही. तिला शब्द वाचता येतात, पण शब्दच ठाऊक नाहीत. डॉक्टर म्हणतात त्यासाठी यंत्र लावून घरात रोज बोललं पाहिजे, नावानं हाक मारली पाहिजे, वस्तूंची नावं कानावर पडली पाहिजेत. वय निघून गेलं की मग जमत नाही.

यंत्र घरी आणून लावलं तेव्हा पाचही माग चालू होते. पोरगी किंचाळली आणि पेटी ओढून फेकून दिली. जन्मापासून ती ज्या खोलीत खेळली तिथला आवाज तिनं कान गेल्यानंतर पहिल्यांदा ऐकला. आता पेटी दाखवली तरी पळते. माग पहाटे सुरू होतात ते पोरगी झोपल्यावरच थांबतात, म्हणून रोज संध्याकाळी तासभर माग थांबव, असं मी बळीरामाला म्हटलं. तो म्हणाला, "माग अमावास्येले थांबते, नाही त घरात कोणी मेलं त. तिसऱ्या कारणानं आमच्या घरी माग थांबला नाही." हे खरं आहे. माझ्या बापाच्या काळातही थांबला नव्हता. पेटी कपाटात ठेवली आहे.

चंपतराव


पुणे
५ डिसेंबर १९८१

प्रिय बळीदादास शामलाचा नमस्कार.

मोठेबाबांना न सांगता तुला वेगळं लिहिते आहे. मी तुझ्याहून लहान, तेव्हा उपदेश करणार नाही. एकच आठवण सांगते.

आम्ही पुण्याला निघालो त्या दिवशी अमावास्या होती. टांगा गल्लीच्या टोकाला पोचला आणि तू ओट्यावरून माझ्या नावानं हाक मारलीस. माझी भोवऱ्याची दोरी तुझ्याकडे राहिली होती, ती घेऊन तू पळत आलास. तोपर्यंत तुझ्या तोंडून माझं नाव मी कधी ऐकलं नव्हतं, मागाच्या घरात ऐकायचं कुठून? दोरी कधीच हरवली. हाक अजून लक्षात आहे.

मनकर्णा हे नाव तूच ठेवलंस, असं मोठ्याईनं सांगितलं होतं. ते तू तिला ऐकू जाईल असं एकदा तरी म्हण. पुढे काय करायचं ते तू ठरव. उत्तर लिहिलं नाहीस तरी चालेल.

तुझी बहीण,
शामला


पुणे
२० फेब्रुवारी १९८२

ती. मोठेबाबांना सा. न.

दोन पत्रांना उत्तर नाही. बळीदादाला मी मधे एक पत्र पाठवलं होतं, त्याचा राग आला असेल तर तो माझ्यावर काढा. मनी शाळेत जाते की नाही, एवढं एका ओळीत कळवा.

शामला


सक्करदरा, नागपूर
२ मे १९८२

चि. शामला हिस अनेक आशीर्वाद.

इतके दिवस लिहिलं नाही, कारण जे चाललं होतं ते टिकेल असा भरवसा नव्हता. परीक्षेचा निकाल लागल्यावर लिहायचं, असं ठरवलं होतं.

बळीराम तुझ्या पत्राबद्दल कुणाशी बोलला नाही. ते त्याच्या बंडीच्या खिशात होतं, आणि एकदा धुण्यातही गेलं. संक्रांत होऊन गेल्यावर एका साध्याच दिवशी, दिवेलागणीला, त्यानं आपला माग थांबवला आणि हात वर करून बाकीच्यांना थांबायची खूण केली. पाचही माग थांबले. मी चष्मा हातात घेऊन बाहेर आलो. त्यानं गोपिकेला पेटी आण म्हणून सांगितलं, तेही खुणेनंच. इतकं शांत झालेलं असताना आता तोंडानं सांगता येतं हे त्याच्या लक्षात आलं नाही. गोपिकेनं मनीला मांडीवर दाबून धरलं आणि यंत्र लावलं. पोरगी घट्ट डोळे मिटून बसली. काही धडधडलं नाही, तेव्हा तिनं डोळे उघडले आणि जमिनीवरची तुटकी सुतं निवडायला लागली.

बळीराम तिच्या मागे जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मनकर्णे." आवाज अगदी लहान निघाला. त्याला हाक मारायची सवय नाही. तिनं काही केलं नाही. त्यानं पुन्हा म्हटलं. तिनं कानाकडे हात नेला.

एवढ्यात दारात गर्दी झाली. आमचे माग अवेळी थांबलेले ऐकून गल्ली धावून आली होती. धोंडबा पुढे, त्यानं डोक्यावरची टोपीही काढली होती. म्हणाला, "कोण गेलं गा, चंपतराव? पार्वतीबाई त बऱ्या हायेत ना?"

आतून तुझी मोठीआई म्हणाली, "मी हाओ जिती. तू चूप राह्य थोडा."

आणि बळीरामानं तिसऱ्यांदा मोठ्यानं हाक मारली. पोरगी वळली. आधी धोंडब्याकडे बघितलं, कारण त्याचं तोंड उघडं होतं. मग माझ्याकडे. मग बापाकडे. बळीरामानं सवयीनं हात हलवून इकडे ये अशी खूण केली. ती आली नाही. गळ्यातल्या पेटीवर हात ठेवून तिच्या बोबड्या आवाजात म्हणाली, "अजून."

त्यानं पुन्हा हाक मारली. ती पुन्हा अजून म्हणाली. किती वेळ चाललं ते मी मोजलं नाही. मला रडू आलं, आणि ते लिहायला मला लाज वाटत नाही. धोंडब्यालाही आलं, पण तो म्हणतो डोळ्यात सूत गेलं.

तेव्हापासून रोज दिवेलागणीला माग थांबतात. कामावरची माणसं आधी कुरकुरली, आता तेवढ्या वेळात चहा पितात. मनी घरभर फिरून एकेका वस्तूवर हात ठेवते आणि आम्ही नावं सांगतो. विहीर, पोहरा, ओटा, धोटा. रात्री ती नावं पुस्तकात शोधते. वार्षिक परीक्षेत तिनं धडा वाचला, चाचरत वाचला, पण अर्थ सांगितला. बाईंनी तिला दुसरीत घातलं आहे. चरख्यावर अजून तुझी मोठीआईच बसते, आणि आता चरखा फिरवता फिरवता मनीकडून अक्षरं शिकते. भोंग्यात राहिलेली तिला हवी आहेत.

तिलाच परवा मनीनं विचारलं, "आजी, मिरच्या काहून?" तुझ्या मोठ्याईनं हातातल्या मिरच्या भाजीत टाकल्या.

तू सुट्टीत ये. अमावास्या बघून यायची गरज नाही. संध्याकाळी आमचे माग थांबले तर आता कोणी मेलं का म्हणून विचारायला गल्लीतून कुणी येत नाही.

तुझे मोठेबाबा,
चंपतराव